गवत सोललेली बाटली

राजवाड्यांच्या भिंती अजून कोऱ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात एक तरुण चितारीण राहत होती. तिला पाच महिन्यांचं एक बाळ होतं आणि पाचशे काळज्या होत्या. बाळ रडलं की तिला वाटे, याचं काही दुखत असेल. गप्प राहिलं की वाटे, हे गप्प का?

एकदा सातासमुद्रापलीकडच्या इटली देशातून व्यापारी आले. त्यांनी राणीला द्राक्षाच्या मद्याच्या बाटल्या भेट दिल्या. मान उंच, खांदे उतरते, पोट गोल, आणि पोटाभोवती गवताची घट्ट वीण. राणीला ते वळण फार आवडलं. तिने एक बाटली रिकामी करवून चितारणीकडे पाठवली आणि निरोप दिला, "अशाच वळणाची एक उभी स्त्री दरबाराच्या भिंतीवर हवी. आठ दिवसांत कागदावर काढून दाखव. जमलं तर भिंत तुझी, नाहीतर दुसऱ्याची."

त्या भिंतीवर चितारणीचं वर्षभराचं पोट होतं.

तिने आधी बाटलीचं गवत सोलून काढलं. वळण स्वच्छ दिसायला नको का? मग बाटली भिंतीला टेकवली आणि रेघ ओढली. रेघ सुरेख आली, पण चित्रातली बाई काही उभी राहीना. आत्ता पडेल की नंतर, असं बघणाऱ्याला वाटे. तिने बाईचे पाय मोठे केले, मान सरळ केली, खालची जमीन जाड केली. बाई नुसती तोल सांभाळतच राहिली. सात कागद वाया गेले.

शेजारी एक म्हातारी बुरुडीण टोपल्या विणत असे. ती रोज दारातून विचारी, "पोरी, बाळ घेऊ का घटकाभर?"

"नको मावशी, जमतंय माझं," चितारीण म्हणे. बाळ दिलं तर लोक म्हणतील, हिला एक मूल सांभाळवत नाही. लोक म्हणजे नेमके कोण, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी तिच्या एका हातात कुंचला होता आणि दुसऱ्या हातात बाळ. कोपर लागलं, बाटली घसरली आणि गडगडत निघाली. चितारणीने बाळाला छातीशी धरून पाय पुढे घातला. बाटली पायाला लागून थांबली. फुटली नाही. चितारीण मात्र मटकन खाली बसली आणि तिला रडू कोसळलं.

या खेपेला बुरुडीण न विचारताच आत आली. तिने बाळ घेतलं, बाटली उचलली, तिचा तळ चाचपला.

"अगं, हिला बूड कुठंय? नुसतं गोल पोट. हिचं गवत काय केलंस?"

"काढलं. रूप झाकत होतं."

"शहाणी गं माझी. घरातली घागर चुंबळीवर ठेवतेस की अशीच जमिनीवर? गोल पोटाच्या भांड्याला धरणारं काही लागतं. तू आधी हिचं गवत सोललंस, आणि वर म्हणतेस उभी राहा."

चितारीण बघत राहिली. बाळ मावशीच्या मांडीवर हातपाय हलवत होतं. रडत नव्हतं. त्याचंही तिला जरा वाईट वाटलं. मग तिने आठवा कागद घेतला.

आठव्या दिवशी राणीने चित्र पाहिलं. तीच उंच मान, तेच उतरते खांदे. पण बाईच्या कमरेभोवती आता हात होते. एक सुरकुतलेला, एक बांगड्यांचा, एक मातीने माखलेला, गवताच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले. बाई निवांत उभी होती.

एक दरबारी म्हणाला, "इतकं सुंदर वळण, आणि तू तर ते झाकूनच टाकलंस."

चितारणीने सोललेली बाटली राणीपुढे जमिनीवर उभी धरली आणि हात सोडला. बाटली आडवी झाली आणि घरंगळत थेट दरबाऱ्याच्या जोड्यापाशी गेली.

राणीने मागे उभ्या असलेल्या आपल्याला लहानपणी सांभाळलेल्या म्हाताऱ्या दाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "भिंत हिची."

त्यानंतर वर्षभर चितारीण रोज सकाळी बाळ बुरुडणीकडे ठेवून भिंत रंगवायला जाई. वाटेत फक्त तीनदा मागे वळून बघे.

म्हणून सांगायचं ते इतकंच, की आधाराला कुणाचे हात लागले तर त्याची लाज बाळगू नये.