दोन काठांवरची भेट

कार्तिकात भोवड्याच्या नदीवर येणाऱ्या पाहुण्यांची आधी थोडी निराशाच होते. दोन बहिणींची भेट म्हटल्यावर त्यांना वाटते, पालख्या धावत येतील, एकमेकींना भिडतील, गुलाल उडेल. दिसते ते असे : अलीकडे भोवड्याची कडजाई थांबलेली, पलीकडे नेरसांब्याची पाणजाई थांबलेली, आणि मध्ये गुडघाभर पाण्याची तांबी नदी. बायकांनी पदर आणि पुरुषांनी उपरणे नाकातोंडावरून घेतलेले. नदीच्या मधोमध एक सपाट कातळ आहे. एका काठाची माणसे त्यावर ओल्या खणाची ओटी ठेवून मागे फिरतात. ती दुपारपर्यंत उन्हात राहते, मग दुसऱ्या काठाची माणसे येऊन उचलतात. पूर्ण नदी मात्र कोणीच ओलांडत नाही.

"पाणी तर गुडघाभर आहे, मग अडलंय कशात?" असे कोणी विचारले की भिवातात्या करंजाच्या सावलीत बसकण मारतात. जन्मभर पालखीचा दांडा खांद्यावर वाहिलेला हा माणूस. "बसा," ते म्हणतात. "उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ही."

गोष्ट मानमोडीच्या सालातली आहे. तापाची ती साथ तेव्हा साऱ्या मुलखात फिरत होती. सकाळी औत घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरी, आणि त्याच्या खोकल्यासरशी घरातले दुसरे कोणी. त्याच सुमारास बाळकू गुरवाची धाकटी लेक अनसूया गावी परतली. मामाने तिला लहानपणीच मुंबईला नेले होते. तिथल्या एका दवाखान्यात ती नर्सचे काम शिकली होती. साथीची बातमी ऐकून ती निघाली, ती आपल्या शिकण्याचा पहिला उपयोग आपल्याच गावाला व्हावा म्हणून.

येताना तिला वाटले होते, गाव आपले ऐकणार नाही. लोक अंगारे लावतील, नवस बोलतील, आपल्याला हसतील. गाडीत बसल्या बसल्या तिने म्हणे मनात भाषणे जुळवून ठेवली होती. पण गावात पाहते तर भाषणांची गरजच नव्हती. थोरल्या माणसांना प्लेग आठवत होता. वेशीवर हात धुवायला पाणी आणि राख ठेवलेली होती. मिठाचे बैल वेशीबाहेरच थांबत. मीठवाला गोणी ठेवून लांब जाई, मग गावकरी पुढे होत. अनसूयेने सांगितले, तोंडाला फडके बांधा आणि संध्याकाळी ते उकळा. दुसऱ्या दिवशी दारोदार दोरीवर फडकी वाळत होती. तिला इतका आनंद झाला की ती आईला म्हणाली, "आई, शहरातसुद्धा एवढं कोणी ऐकत नाही गं."

मग तुका कुंभार आजारी पडला. ती त्याच्या घरी गेली तर अंथरुणाभोवती सगळी भावकी बसलेली. चुलता त्याचे डोके चेपत होता, मावशी त्याच्याच वाटीतली पेज चाखून पाहत होती. एकाच्याही तोंडाला फडके नव्हते.

"अहो, फडकी कुठं गेली?" अनसूयेने विचारले.

"घरात कशाला?" चुलता म्हणाला. "तुका काय परका हाय?"

त्या दारात उभे राहून तिला गावाचा खरा समज कळला. रोग येतो तो परक्याकडून. आपल्या माणसाचे आपल्याला बाधत नाही. चार दिवसांत कुंभारआळीतली आणखी दोन घरे आजारी पडली, तरी लोक म्हणाले, मीठवाल्याच्या गोणीतूनच आले असणार.

आणि भेट तोंडावर आली होती. तेव्हाची रीत वेगळी होती. कडजाई थोरली, पाणजाई धाकटी. कार्तिकात धाकटी नदी उतरून थोरलीकडे माहेराला येई. देवळापुढे पालख्या एकमेकींना टेकवत आणि दोन्ही गावे एका पंगतीला बसत. नेरसांब्यात अजून एकही माणूस आजारी नव्हता. आली असती ती सगळी धडधाकट माणसे, आणि त्यांच्यात अनसूयेची तिथे दिलेली थोरली बहीण शेवंताही. बऱ्याच वर्षांनी तिची कूस उजवली होती. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचे ठरले होते, पण श्रावणात नदीला पूर आला आणि ते राहूनच गेले. तान्ह्याला आजोळ अजून दिसले नव्हते. अनसूयेच्या आईने त्याच्यासाठी लाल कुंची शिवून ठेवली होती. ती रोज उलगडून पाही आणि पुन्हा घडी करी.

भोवड्याने नेरसांब्याला निरोप धाडला, इकडे तापाची घरे आहेत. उलट निरोप आला, बहिणीच्या दारी जायला कसली भीती?

भेटीच्या आदल्या संध्याकाळी गाव देवळात जमला. कडजाईलाच विचारायचे ठरले. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या : उजवी आधी पडली तर भेट नेहमीसारखी, डावी पडली तर भेट नाही. कौल लावायचा मान बाळकू गुरवाचा. गाभाऱ्यात जाण्याआधी अनसूयेने त्याला बाजूला घेतले.

"आबा, उजवी जरा जास्त भिजवली तर चिकटून राहील. डावी पडेल. तुमच्या हातात आहे."

म्हातारा म्हणाला, "हातात हाय म्हणूनच हात आवरून धरायचा, पोरी. आज तुझ्यासाठी वळवला, तर उद्या कुणासाठी वळवू?"

तिला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला, असे सांगतात.

पाकळ्या लावल्या. गाव वाट पाहत बसला. उजवी पडेना, डावी पडेना. समईत दोनदा तेल घातले तरी दोन्ही जागच्या जागी. शेवटी बाळकू गुरव बाहेर आला. "आई बोलत न्हाई," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा, म्हणतीय."

यावर एकच गलका झाला. अनसूया उभी राहिली. फडक्याआडून ती जीव तोडून बोलली : रोगाला नाती कळत नाहीत, उलट नात्याच्या वाटेनेच तो पुढे जातो, कारण आपण जवळ बसतो ते आपल्याच माणसाच्या. माणसे खाली मान घालून ऐकत होती. तेव्हा भेटीची गाणी म्हणणारी गोजाबाई म्हणाली, "समदं खरं गं बाई. पण माहेराला आलेली बहीण दारातनं माघारी धाडायची? उद्या तुझी शेवंता तान्हं घिऊन येईल. तिला आधी अडव. मग आमच्या देवीला अडव."

बायका हसल्या. कोणी म्हणाले, "गोजे, पोरीला रडवतीस का काय!" पण प्रश्न तिथेच राहिला. नेहमीसारखी भेट होणार, असे धरून लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तान्ह्याच्या अंघोळीसाठी पाणी तापत ठेवले होते. अनसूयेने ते पाहिले. मग तिने कोनाड्यातली लाल कुंची घेतली आणि त्याच उकळत्या पाण्यात बुडवली. "अगं, काय करतीयास?" आई ओरडली. अनसूया एवढेच म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पण पाण्यात उतरायचं नाही."

लोक पालखी घेऊन नदीवर आले तेव्हा त्यांना दिसले ते असे : नदीतल्या कातळावर ओली कुंची पसरलेली, आणि मायलेकी अलीकडच्या काठावर उभ्या. पलीकडून ढोल वाजत पाणजाई उतरत होती. पुढे शेवंता, कडेवर तान्हे. तिने लुगडे खोचून पाण्यात पाय टाकला.

"अक्का, थांब!" अनसूया ओरडली. "तिथंच थांब. पुढं येऊ नकोस."

ढोल थांबले. शेवंताला आधी कळेचना. कळले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "अनसे, मी काय परकी झाले गं?"

"आपली आहेस म्हणूनच."

शेवंता पाण्यात उभीच राहिली. ती उलट फिरून गेली असती, तर भोवड्याने अनसूयेला जन्मभर बोल लावले असते, आणि बहिणीचे दार तिला कायमचे बंद झाले असते. अनसूयेने पुन्हा हाक मारली. या वेळी तिचा आवाज फाटला, असे भिवातात्या सांगतात. "अक्का, बाळ वर धर. दोन्ही हातांनी. आईला दिसू दे."

शेवंताने पाय मागे घेतला. काठावर चढून तिने तान्हे डोक्यावर उचलून धरले. ते उन्हाने डोळे मिटून रडायला लागले. आणि अलीकडून म्हातारी दोन्ही हात उंच करून ओरडली, "दिसलं गं! दिसलं!"

गोजाबाईने पहिल्यांदा आपला पदर नाकावर ओढला. मग भोयांनी कडजाई काठावरच टेकवली. कोणी सांगितले नव्हते. पलीकडे पाणजाईही टेकली. गोजाबाई पदराआडून भेटीचे गाणे म्हणू लागली आणि पलीकडच्या बायकांनी ते पाण्यावरून उचलून घेतले. दुपारी कुंची वाळली, तेव्हा शेवंता कातळापर्यंत आली आणि ती घेऊन परत गेली.

मानमोडीने भोवड्यातली माणसे नेली, तिथे चमत्कार झाला नाही. पण भेटीमुळे नेरसांब्यात ताप शिरला, असे म्हणायची वेळ आली नाही. पुढे अनसूयेचे काय झाले, याबद्दल मात्र दोन काठांचे एकमत नाही. भोवड्यातले म्हणतात, कुंभारआळीत सेवा करता करता तीही त्याच तापात गेली. नेरसांब्यातले म्हणतात, छे, तिने पुढे तालुक्याला दवाखाना काढला आणि शेवंताची नातवंडेसुद्धा तिच्याच हातावर जन्मली. भिवातात्या स्वतः भोवड्याचे, पण गोष्ट नेरसांब्याचीच सांगतात.

आजही कार्तिकात पालख्या दोन काठांवर टेकतात. गाणे झाले की त्या वर्षी जन्मलेली तान्ही पलीकडच्या आया डोक्यावर उचलून धरतात. अलीकडे कोणाची आजी, कोणाची मावशी हात उंच करून ओरडते, "दिसलं गं! दिसलं!" मग सगळे कातळावरच्या ओट्या वाळायची वाट पाहत बसतात.