खिंडीत न पोचलेली खबर

बसा इथं, सावलीला. घाट चढून दमला असाल. पण या खिंडीतून पुढं जायचं तर आधी मर्जानबाबाची गोष्ट ऐकावी लागते, आणि ती मी सांगतो. मध्ये बोललेलं मला खपत नाही, आधीच सांगून ठेवतो.

फार फार वर्षं झाली. खाली दिसतंय ते उंबरघोळ गाव तेव्हा पंधरा-वीस घरांचं होतं आणि समोरच्या शेवरगडावर देसायांचा अंमल होता. म्हातारे देसाई वारले आणि त्यांचे दोन मुलगे, थोरला हैबतराव आणि धाकटा सुभानराव, गडासाठी एकमेकांच्या उरावर बसले. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही. पण इथं बांधावरून नुसती डोकी फुटली नाहीत, गावंच्या गावं जळाली. एकाच घरातला एक भाऊ इकडून लढला, दुसरा तिकडून.

गड थोरल्याच्या ताब्यात होता आणि त्याच्या पदरी बेचाळीस सिद्दी होते. समुद्रापलीकडच्या हबशी मुलखातून पोरवयात धरून आणलेले, बंदरावर गुरांसारखे विकलेले. मर्जान त्यांचा म्होरक्या. उंचापुरा, काळाभोर, आणि असं म्हणतात की त्याची हाक दोन डोंगर ओलांडून जायची. हैबतरावानं त्यांना या खिंडीत बसवलं, कारण पहिला मार इथंच बसणार होता. गडावरच्या शिपायांना भात मिळायचा, यांना नाचणीचा कोंडा. धाकट्यानं तर हुकूमच सोडला होता, "बाकीचे शरण आले तर धरून आणा. सिद्दी दिसला की जागच्या जागी कापा."

मग ते लढले कशासाठी? विचारा की! सांगतो. हैबतरावानं बेलभंडार उचलून शब्द दिला होता, "लढाई संपल्याची खबर माझ्याकडून खिंडीत येईल, त्या दिवसापासून तुम्ही कुणाचे गुलाम नाही."

त्या एका शब्दावर ते तीन वर्षं लढले. वरून गडगडत आलेली शिळा मर्जाननं पाठीवर तोलून धरली आणि खालून सगळे साथीदार निघून गेले, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. खिंड पडली नाही एवढं खरं. आणि बेचाळिसांतले तेवीस उरले, हेही खरं.

मग दोघे भाऊ एक झाले. आईनं दोघांना एका ताटात जेवायला बसवलं, गळ्यात गळे पडले, गडावर साखर वाटली. खिंडीत मात्र खबर गेली नाही. खबर दिली तर शब्द पाळावा लागणार, आणि नाही दिली तर शब्द मोडल्याचं पापही नाही! काय डोकं बघा मेल्याचं! गावात दवंडी पिटली, जो कोणी खिंडीत जाऊन तोंड उघडेल त्याचं घर जाळून टाकू.

गाव गप्प बसलं. आमचंच गाव. लाज वाटते सांगताना, पण सांगितल्याशिवाय सुटका नाही.

येसू नावाची एक धनगरीण होती, ती दर आठवड्याला ताक-भाकरी घेऊन वर यायची. मर्जान दर खेपेला तिला विचारायचा, "येसूबाय, लढाईचं काय?"

पदरात दोन लेकरं. ती मान खाली घालून म्हणायची, "चाललीया, दादा."

"संपली की तुझ्या वाडीला लागून खोपट घालीन. चालेल ना?"

"चालंल की."

एवढं बोलून ती खाली उतरायची आणि ओढ्यापाशी बसून रडायची. असं वर्षभर चाललं. शत्रू येत नव्हता, तरी पहारा उठत नव्हता. पावसाळ्यात हिवतापानं माणसं गेली. अकरा राहिले.

पुढं देसायांना घाटाची वाट मोकळी हवी झाली. तेव्हा दोघा भावांची माणसं एकत्र वर चढली, पुढं हैबतरावाचं निशाण. मर्जाननं ते सुभानरावाच्या माणसांत पाहिलं आणि त्याला वाटलं, आपल्या धन्याला मारून यांनी निशाण हिसकावलंय. तो लहान मुलासारखा रडला, असं म्हणतात. आणि ज्या धन्यानं त्याला मारायला माणसं धाडली, त्याच धन्यासाठी तो तीन दिवस लढला. घ्या! आता याला काय म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दहा जण पडले. मर्जानही मेला, पण पडला नाही. अंगभर बाण, डोळे उघडे, तलवार वाटेवर आडवी धरलेली. माणसांनी ढकललं, बैल जुंपून ओढलं, तो हलला नाही. घोडी त्याच्यापुढं पाऊल टाकायला तयार होईनात. भटजी आले, काजी आले, मांत्रिकानं कोंबडं कापलं. सात दिवस गेले, तरी देहाला वास नाही की माशी नाही.

आठव्या दिवशी येसू लेकरांना घेऊन वर आली. सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, लढाई संपली. वरीस झालं संपून. मला ठावं हुतं. मी तुला खोटं सांगितलं."

तेव्हा मर्जाननं तलवार खाली ठेवली आणि दिवसभर राबलेला माणूस टेकतो तसा खाली बसला. इथंच त्याला पुरलं आणि वर एक दगड उभा केला.

दवंडी काही खोटी नव्हती. येसूचं घर त्याच दिवशी जाळलं. लेकरं घेऊन ती कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. बाकीच्या एकेचाळीस जणांची नावंही ठाऊक नाहीत, कारण ती कुणी कधी विचारलीच नव्हती.

तेव्हापासून दसऱ्याच्या आदल्या दिवशी उंबरघोळात चूल पेटत नाही. सगळं गाव वर येतं. नवी नवरी असो, बोबडं पोर असो, सूट कुणालाच नाही. एकेकानं या दगडाला हात लावून स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "बाबा, लढाई संपली. आम्हाला ठाऊक होतं." आम्ही काय केलं होतं, असं विचारणारा शहाणा दर पिढीत एक निघतोच. त्याला सगळ्यांत आधी पुढं करतात.

वाटसरूंना दसऱ्यापर्यंत थांबावं लागत नाही. तुम्ही आता ऐकलंत, म्हणजे तुम्हालाही ठाऊक झालं. उठा, तो समोरचा दगड. हात लावा आणि मोठ्यानं म्हणा.