पाण्याची दलाली

मोटार कारखान्याचे मालक त्र्यंबकराव रायरीकर यांच्यापुढे आराखडा ठेवला, की तो बहुधा फाटूनच परत येई. त्या दिवशी पाळी होती इंजिन विभागाच्या शुभदा टिळेकरची. तिच्या पथकाची वर्षभराची मेहनत टेबलावर होती.

शुभदा म्हणाली, "साहेब, टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून इंजिनात जाण्याआधी ती आम्ही पाण्यानं गार करतो. मग ते पाणी गाडीच्या पुढच्या जाळीत वाऱ्यावर निवतं."

त्र्यंबकराव हसले. "म्हणजे शेवटी वाराच गार करणार ना? मग हवेला थेट वारा द्या. मधे हा पाण्याचा दलाल कशाला? हे रद्द."

एवढं बोलून त्यांनी समोरचा स्टीलचा पेला ऐटीत उचलला. चहा नुकताच उकळून आला होता. बोटं अशी भाजली, की पेला कसाबसा खाली ठेवून त्यांनी हात शेजारच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवला.

शुभदानं नम्रपणे विचारलं, "साहेब, डोक्यावर पंखा फिरतोय. बोटांना थेट वारा द्यायचा सोडून मधे दलाल कशाला घेतलात?"

खोलीत कुणी हसायचं धाडस करेना. शेवटी त्र्यंबकरावच खो-खो हसले.

"दलाल कामाचा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी आराखड्यावर डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. उजवा बाहेर काढायची त्यांची अजून तयारी नव्हती.