आठवा डोंगर

"मग? लोकं काय म्हणत्यात?"

हमीदचाचांनी विचारलं तेव्हा त्यांची पाठ सुव्रताकडं होती. ते बादलीत ब्रश धूत होते.

याच प्रश्नासाठी ती पुण्याहून मिरजेला आली होती.

"तीनशे लोकांना आमचा खेळ खेळायला दिला होता, चाचा. बाजारात यायला अजून दोन महिने आहेत. पण आधी थोड्यांच्या हातात द्यायचा आणि ते काय म्हणतात ते बघायचं, अशी पद्धत असते आमच्यात."

तिनं पिशवीतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढला. चाचांना कागदावरचंच वाचवतं, म्हणून मुद्दाम छापून आणला होता.

"आणि?"

"वेडे झालेत लोक."

चाचा ब्रश धूतच राहिले.

सुव्रता मगदूम चौदाव्या वर्षी या गोदामात पहिल्यांदा आली. नाटकांचे पडदे रंगवणारे हमीद पेंटर म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. दरबार म्हणा, रस्ता म्हणा, जंगल म्हणा. तीस फुटी कापडावर उभं करावं तर चाचांनीच. पोरीला परांचीवर चढवायला ते तयार नव्हते. ती तीन दिवस दारात बसून राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात ब्रश दिला.

सहा वर्षं ती तिथं शिकली. त्या सहा वर्षांत चाचांनी तिला एकदाही 'छान' म्हटलं नाही. चुकलं की ओला फडका घेऊन पुसून टाकायचे. बरोबर आलं की काही न बोलता पुढच्या कामाला लागायचे.

आता ती बत्तीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका कंपनीत तिच्या हाताखाली बाराजण होते. 'वज्रकोट' नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातला सगळा मुलूख त्यांनी चार वर्षं खपून उभा केला होता. देशोधडीला लागलेली एक धनुर्धारी मुलगी यक्षांच्या राज्यात येते, आणि पुढं तिनं काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. राक्षसांशी लढा, नदीत पोहा, गरुडावर बसा, नाहीतर नुसते भटका. अडवणारं कुणी नाही.

"हे ऐका. नांदेडचे एक बँकेतले साहेब आहेत. 'सुरुवातीला म्हातारा यक्ष अर्धा तास बोलतच सुटतो. जांभया आल्या. पण गुहेचं दार उघडलं आणि खाली दरी दिसली... बायको चहा ठेवून कधी गेली ते कळलंच नाही.'"

"हं."

"हे रत्नागिरीच्या नर्सबाईंचं. 'शिट्टी मारली की घोडा येतो. एकदा तो कौलांवरच आला आणि खाली उतरेना. हसून हसून पुरेवाट झाली. पण गवतावरून वारा जातो, तो मात्र अगदी खरा आहे.'"

सुव्रतानं मान वर केली. "ते गवत माझं आहे. पातं न् पातं."

चाचांनी ब्रश झटकला आणि उन्हात आडवा ठेवला.

"आणि हा धुळ्याचा. कॉलेजात आहे. 'सात डोंगर आणि सातही चढता येतात! चार दिवसांत सगळे पालथे घातले. एवढा मोठा मुलूख जन्मात पाहिला नव्हता. पुढचा कधी?'"

"परत वाच."

तिनं परत वाचलं. या वेळी जरा मोठ्यानं.

"शेवटचं काय म्हणाला?"

"'पुढचा कधी?'"

चाचांनी दुसरा ब्रश उचलला.

"असं शंभर-सव्वाशे जणांनी लिहिलंय, चाचा. पुढचा कधी, पुढचा कधी. भूक चाळवलीय लोकांची."

"भूक..."

चाचांनी फडक्याला हात पुसले.

तिनं एका खोक्यावर लॅपटॉप मांडला. खेळ लावला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. कुठल्या बटनानं चालायचं, कुठल्यानं वळायचं ते दाखवलं. चाचांचं वय एकोणऐंशी, बोटं थोडी थरथरायची. पण हात शेवटी कारागिराचा. दहा मिनिटांत ती धनुर्धारी मुलगी गुहेतून बाहेर पडून कड्याच्या टोकाला आली.

तिथं चाचांनी तिला उभी केली.

खाली दरी. दरीत धुकं. धुक्यापलीकडं एकामागं एक डोंगर, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका. गवत एका अंगाला लवत होतं.

सुव्रता त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. पडद्याकडं बघायची तिला गरज नव्हती.

"तो मागचा निळा... कुणी लावला?"

"मी."

"पुढं येऊन बोलत न्हाई. मागंच ऱ्हातोय."

"तुमच्याकडूनच घेतलाय तो."

चाचा पुढं वाकले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. आता निघतो तोंडातून शब्द, सुव्रताला वाटलं.

"तिथं जाता येतं?"

"येतं की! दिसतं तिथं सगळीकडं जाता येतं. तीच तर आमची शान आहे, चाचा. जाहिरातीतली पहिली ओळच ती आहे."

चाचांनी रिमोट खोक्यावर ठेवला.

"काय झालं?"

"झालं की बघून."

"अहो, आता कुठं सुरुवात..."

"बघून झालं."

सुव्रता उठून उभी राहिली. जे अठरा वर्षं आत साचलं होतं ते एका दमात बाहेर आलं.

"चार वर्षं, चाचा! डोळे गेले माझे. तीनशे लोकं म्हणतात, नांदेडपासून रत्नागिरीपर्यंत म्हणतात. एक तुमच्याच तोंडून निघत नाही. एकदा म्हटलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं?"

गोदामात तिचा आवाज घुमला. आढ्यावरची कबुतरं उडाली.

चाचा शांतपणे उठले.

"चल."

गोदामाच्या टोकाला जंगलाचा पडदा टांगलेला होता. चाचांनी रंगवलेला शेवटचा. पुढं साग, मधे ओढा, मागं डोंगर.

ते गोदामाच्या अलीकडच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

"त्या डोंगराकडं चाल."

"चाचा, मी काय लहान..."

"चाल."

ती चालली. रागानं पाय आपटत चालली. नाक कापडाला लागेल एवढी जवळ गेली.

"काय दिसतंय?"

"फटकारे. चार... नाही, पाच. खाली कापडाची वीण."

"आता मागं ये. तोंड तिकडंच ऱ्हाऊ दे."

ती पाठमोरी मागं येऊ लागली. एक पाऊल, दोन पावलं. फटकारे फटकारेच राहिले. मग कुठल्याशा पावलाला, तिला नेमकं सांगता आलं नसतं कुठल्या, डोंगर उठून उभा राहिला. त्याच्या माथ्यावर ऊन होतं.

तिनं हा पडदा शंभरदा बघितला होता. तरी तिचं पाऊल तिथंच थबकलं.

मग तिची मान ताठ झाली.

"माझा डोंगर जवळ गेलं तरी डोंगरच राहतो, चाचा. शेवाळ दिसतं. दगड उचलला तर खालची मुंगी दिसते."

"दिसते," चाचा म्हणाले. "मला जल्मात जमलं नसतं ते."

सुव्रताला ऐकलेलं खरं वाटेना. हेच ऐकायला ती आली होती.

चाचा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघंही पडद्याकडं बघत होते.

"सगळं जवळचं केलंस," ते म्हणाले. "मग लांबचं काय ठेवलंस?"

कागद तिथंच टाकून, लॅपटॉपही न घेता ती तडक स्टँडवर गेली.

बसमध्ये कऱ्हाड येईपर्यंत ती मनात म्हाताऱ्याशी भांडत होती. जळतो, तिनं स्वतःला सांगितलं. हात थकले म्हणून जळतो. मग 'जल्मात जमलं नसतं' हे आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. जळणारा माणूस असं बोलत नाही.

साताऱ्याच्या पुढं तिनं भांडण सोडलं. खिडकीबाहेर डोंगर होते. त्यातल्या एकावरही ती कधी गेलेली नव्हती. लहानपणापासून याच रस्त्यानं ये-जा करत होती आणि दरवेळी त्यांच्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात सगळ्यांना बोलावलं.

खेळात आठवा डोंगर यायचा होता. बर्फाचा, सगळ्यात उंच. दोन महिन्यांचं काम त्यावर झालं होतं. वर जायची वाट अर्धी बांधून तयार होती.

"वाट काढून टाका," सुव्रता म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"डोंगर राहू दे. मुलखातल्या प्रत्येक गावातून, प्रत्येक खिंडीतून तो दिसला पाहिजे. पण कितीही चाला, तो तेवढाच लांब."

कंपनीचे मुख्य राजवाडेसाहेब धावत आले. "अहो मगदूम, जाहिरातीत काय लिहिलंय? दिसतं तिथं जाता येतं!"

"ओळ बदला."

"लोक शिव्या घालतील."

"घालू देत."

"आणि खेळ आपटला तर?"

बाराजण तिच्याकडं बघत होते. यातल्या दोघांनी ती वाट दगड दगड करून बांधली होती.

"आपटला तर माझ्यामुळं आपटला म्हणा. मी राजीनामा लिहून ठेवते, तारीख तुम्ही घाला."

तिनं खरंच लिहून दिला. साहेबांनी तो घडी करून खिशात ठेवला.

नवा खेळ पुन्हा त्याच तीनशे जणांना गेला. आठवड्यानं पत्रं येऊ लागली आणि पहिली पत्रं वाचून सुव्रताला साहेबांच्या खिशातला राजीनामा आठवला.

धुळ्याच्या पोरानं लिहिलं होतं, "ही शुद्ध फसवणूक आहे. सहा दिवस चालतोय. डोंगर येतच नाही."

चार दिवसांनी त्याचंच दुसरं पत्र. "उत्तरेकडून जाऊन बघितलं. नाही. आता दलदलीतून जाणार आहे. कुणाला सांगू नका."

नर्सबाईंनी लिहिलं, "ड्यूटीवरून आले की नदीकाठी बसते आणि त्याच्याकडं तोंड करून जेवते. वर काय असेल हो?"

बँकेतल्या साहेबांनी लिहिलं, "बायकोही आता शेजारी येऊन बसते. ती म्हणते वर देऊळ असणार. मी म्हणतो पाणी."

सुव्रतानं सगळी पत्रं दोनदा चाळली. 'पुढचा कधी' असं त्यात कुणीही विचारलं नव्हतं.

मग खेळ बाजारात आला. आणि अफवांना ऊत आला. कुणी म्हणे, हत्यारं टाकून अनवाणी गेलं तर डोंगर जवळ येतो. कुणी म्हणे, सगळ्या राक्षसांना जिवंत सोडलं तर. अकोल्याच्या एकानं शपथेवर सांगितलं, की आपला मावसभाऊ वर जाऊन आलाय, पण तो काही बोलत नाही.

राजवाडेसाहेबांनी एके दिवशी तिच्या टेबलावर कागदाचे तुकडे आणून ठेवले. राजीनाम्याचे होते. साहेब नुसते हसले.

त्या शनिवारी सुव्रता मिरजेला निघाली. कागदांचा गठ्ठा घेतला नाही. सांगायचं होतं ते तिला तोंडपाठ होतं. मान वर करून, रुंद पावलं टाकत ती गोदामात शिरली.

चाचा खोक्यासमोर बसले होते. पुढं तिचाच लॅपटॉप. नवा खेळ तिनं त्यांनाही पाठवला होता आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं तो चढवून दिला होता. ब्रश कोरडे पडले होते. बादलीतलं पाणी आटलं होतं.

"चाचा..."

"बस. बोलू नकोस."

ती बसली.

धनुर्धारी मुलगी एका अरुंद खिंडीतून चालली होती. चाचा श्वास रोखून तिला एकेक पाऊल पुढं नेत होते. समोर, दोन कड्यांच्या फटीत, आठवा डोंगर. माथ्यावर ऊन.

"तीन हप्ते झाले," चाचा कुजबुजले. "नदी धरून गेलो, डावीकडं सरकला. जंगलातनं गेलो, गुडूप. पर या खिंडीतनं काल जवळ आल्यागत वाटला. जरासा. थोडं ऱ्हायलंय आता."

त्यांचे डोळे चमकत होते. सुव्रतानं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. सहा वर्षांत नाही, त्यानंतरही नाही.

ती पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या महाराष्ट्राची पत्रं एकीकडं आणि हे एकीकडं. तिला राहवेना. हे सगळं त्यांचंच आहे, त्यांच्याच हातचं आहे, हे त्यांना सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

"चाचा, तो यायचाच नाही जवळ! तुमच्या पडद्यासारखाच केलाय तो. वर वाट नाही, देऊळ नाही, पाणी नाही. पलीकडं काहीसुद्धा नाही. नुसता निळा रंग आहे!"

खिंडीतली मुलगी आणखी दोन पावलं चालली. मग थांबली.

वारा वाहत राहिला...

चाचांनी रिमोट मांडीवर ठेवला. चष्मा काढला.

मग तिच्याकडं वळून म्हणाले,

"हे मला कशाला सांगितलंस गं?"