पाटलेचे तिसरे मूत्रपिंड

पूर्वी चंपानगरीवर सुषेण राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तेथील वैद्या भद्रिकेच्या कळपात वराह होऊन जन्मला.

हा कळप साधा नव्हता. भद्रिकेच्या पणजीपासून चार पिढ्या एकच काम चालले होते. ज्या पिल्लाच्या रक्ताची माणसाच्या रक्तात गुठळी होत नसे, तेच पैदाशीला ठेवायचे. होता होता या कळपाचा अवयव माणसाच्या देहाला परका वाटेनासा झाला. पण घराण्याचा नियम कडक होता: डुकराला विचारल्याशिवाय शस्त्र उचलायचे नाही. आणि आजवर एकानेही होकार दिला नव्हता.

त्या वर्षी विणकराची मुलगी पाटला अंथरुणाला खिळली. दोन्ही मूत्रपिंडे थांबली, अंग सुजले.

“फार तर चार दिवस,” भद्रिका विणकराला म्हणाली.

कुंपणापलीकडून बोधिसत्त्वाने ते ऐकले. पाटला रोज कोंडा घेऊन येई आणि त्याच्या कानामागे खाजवी. त्याला चैन पडेना.

“बाई, माझ्याकडे दोन आहेत. एक घ्या.”

“दुखेल हं.”

“दुखू दे. पण उद्या माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला धरू नका. त्यालाही विचारा.”

इकडे नगरातले वृद्ध राजसभेत जमले. डुकराचा अंश पोटात घेऊन पाटला पंगतीत बसणार कुठे? भद्रिकेलाही तिथेच बसवून ठेवले. तीन दिवस खल झाला, ठरले काहीच नाही. तेव्हा बोधिसत्त्व चिखलाच्या पायांनी थेट सभेत शिरला.

“आजोबा, पोरगी जगली तर जेवेल ना?”

“अरे, पण रीतभात...”

“ती गेली तर पंगत तिच्या श्राद्धाची. तिथे तुम्ही कुठे बसणार, ते आधी ठरवा.”

राजाला हसू फुटले. “भद्रिके, ऊठ! इथे बसून काय करतेस?”

भर दुपारी भद्रिकेने शस्त्र उचलले. मावळतीला पाटलेला लघवी झाली आणि “झाली! झाली!” असे ओरडत विणकराने अख्खी आळी गोळा केली. बोधिसत्त्वाची जखम ठणकत होती. तरी तो शेपूट हलवत होता.

महिन्याने पंगत बसली. पाटला खुशाल वराहाशेजारी मांडी घालून बसली. खीर तिकडूनच वाढायला घेतली, तसे वृद्ध पाट उचलून तिच्या बाजूला सरकले.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, ती पाटला म्हणजे समोर बसलेली ही हसरी भिक्खुणी. भद्रिका आज विहारातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करते. वृद्ध तुमच्यातच आहेत, नावे घेत नाही. तो वराह मी होतो.”

बळजबरी नव्हती, आपखुशीने देहातून काढून दिले, हीच दानपारमिता.