निम्मी मागणी

डोंगरावरच्या खडकवाडीत जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचे साहेब सत्काराला आले. वाडीने वर्षात पाण्याची मागणी निम्म्यावर आणली, त्यामुळे टँकरची दुसरी खेप बंद करता आली, असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. "एवढी काटकसर कशी साधलीत, ते जिल्ह्याला कळू द्या," असं म्हणत त्यांनी सरपंच फुलाबाईंपुढे शाल धरली.

फुलाबाईंनी हात पुढे केला नाही. त्यांची दोन्ही मुलं पाण्यापायीच बिऱ्हाड हलवून शहरात गेली होती.

"सोपं हाय, सायेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "निम्म्या घरास्नी कुलपं लागली. खेप एकच ऱ्हाऊ द्या, फुडल्या साली आमीबी जातो. मग मागणीच उरायची न्हाई."

साहेबांनी शालीची घडी घातली. सोमवारी दुसरी खेप सुरू झाली. गेलेल्यांपैकी मात्र कुणीच परतलं नाही.