गुहेत काय आहे?

फार पूर्वी साळिंदराने एक खेळ काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि चिंचोके टाकून हारजीत ठरवायची. "कुणीही खेळा, हवी ती भर घाला," तो म्हणाला.

खेळ रानभर गाजला आणि साळिंदराचं डोकं फिरलं. "मला विचारल्याशिवाय नवा राक्षस आणायचा नाही!" म्हणत त्याने सगळे चिंचोके बिळात नेले. जसे काही चिंचेखाली चिंचोके कमीच पडलेत!

बिळात तो एकटाच खेळू लागला, पण गोष्टीतल्या गुहेत काय आहे ते त्याला आधीच ठाऊक होतं. बाहेर मात्र नवे चिंचोके वेचून खेळ चालूच होता, हशा उसळत होता. शेवटी तो बाहेर आला. "मला घेता?"

"ये की," गोष्ट सांगणारी खार म्हणाली. "आपण गुहेच्या तोंडाशी उभे आहोत."

"आत काय आहे?"

"चिंचोके टाक, मग सांगते."

साळिंदराचे सगळे काटे आनंदाने ताठ उभे राहिले.